पाठीवरचा छोटा पर

स्ताफान एडग्रेनच्या बोटीच्या मोटारीचं तेल मायकेनने खाली डब्यात काढलं, तर ते दूध घातलेल्या कॉफीसारखं निघालं. आत पाणी शिरलं होतं. हे कळायला कुणी पंडित लागत नाही, नाक आणि डोळे जागेवर असले की पुरे.

"बघ," ती म्हणाली. "सील गेलंय. पंपातली रबरी चकतीही कडक झाली असणार. चार दिवस बोट इथे राहू दे."

"अगं, नवी मोटार आहे ती! दोन उन्हाळे तर झालेत."

"नव्या मोटारीला पाणी पचतं असं कुठे लिहिलंय?"

"शनिवारी स्पर्धा आहे, मायकेन. तू ताजं तेल भर आणि सोड. तू फार घाबरवतेस बाई माणसाला."

तिने तेल भरलं. आपण सांगायचं काम केलं, आता त्याची मोटार आणि तो.

मायकेन तोरसेल एकसष्ट वर्षांची होती. हेलेनेसच्या बंदरात, मासेमारी क्लबच्या जागेतल्या शेडमध्ये ती तीस वर्षं मोटारी खोलत आणि जोडत आली होती. माणसाची परीक्षा ती त्याच्या बोटीच्या बुडावरून करायची, आणि बहुतेक माणसं नापास व्हायची. स्ताफान तर काठावरसुद्धा नव्हता. तो क्लबचा अध्यक्ष. शहरात घरं विकायचा आणि हिवाळाभर भिंतीवर चित्रं दाखवून लोकांना सामन मासा कसा पकडायचा ते शिकवायचा. त्याच्या बोटीवर मासे दाखवणारे तीन पडदे, बारा गळ, बसायला गरम होणारी खुर्ची. आणि तळाला बोटभर शेवाळ. वरून कीर्तन, आतून तमाशा.

शनिवारी पहाटे मायकेन अल्गोतला घेऊन निघाली. अल्गोत तिच्या गेलेल्या नवऱ्याचा चुलत भाऊ, शहात्तर वर्षांचा. जन्म लाकडाच्या गिरणीत गेल्यामुळे ऐकायला कमी यायचं आणि बोलायचा त्याहून कमी. तिला असा माणूस बोटीवर परवडायचा. तिची बोट चाळीस वर्षांची, दिसायला अगदी भाकरीच्या टोपलीसारखी. पण दर वसंतात ती तिचा स्क्रू न् स्क्रू काढून पुसायची, तळ हाताने घासायची. एका किल्लीत मोटार सुरू झाली.

वेनेर्न तलावाचा पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी चार अंशांवर होतं. त्यांनी चार दोऱ्या बाजूला तरंगत जाणाऱ्या फळ्यांना लावून दूर सोडल्या, दोन वजन लावून खोल सोडल्या, आणि भरलेली बादली घेऊन माणूस चालेल तेवढ्या वेगाने बोट चालू ठेवली. अल्गोतने थर्मासमधली कॉफी ओतली.

आठच्या सुमाराला पहिला सामन लागला. सात किलोचा तरी असेल. अल्गोतने त्याला बोटीच्या कडेला आणलं आणि दोघांनी एकदमच पाहिलं. पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, अंगठ्याएवढा मऊ पर शाबूत होता. म्हणजे हा नदीत जन्मलेला रानटी मासा. तळ्यात वाढवून सोडलेल्या पिल्लांचा तो पर लहानपणीच कापतात, तेवढेच मासे घरी न्यायचे, बाकीचे परत. अशी रानटी जात आता मोजकीच उरली आहे. अल्गोतने त्याला पाण्यातच धरून गळ काढला, थोडा वेळ शेपटीला धरून ठेवलं आणि सोडला. दहाला एक ट्राउट लागला, साडेचार किलो, पराच्या जागी जुनी भरलेली जखम, गुळगुळीत. तो पेटीत गेला.

साडेअकराला तिला खडकांच्या बाजूला कुणीतरी लाल जॅकेट हलवताना दिसलं.

"अध्यक्षांची सवारी दिसतेय," मायकेन म्हणाली.

"काय?"

"स्ताफान! बंद पडलाय!"

सगळ्या दोऱ्या गुंडाळायला पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात वाऱ्याने स्ताफानला खडकांच्या आणखी जवळ नेलं होतं.

"गरम होऊन बंद पडली!" तो ओरडला.

"नवी आहे ना? आणि छोटी मोटार कशाला बांधलीय मागे, शोभेला?"

"ती सुरूच होत नाही."

"टाकीत पेट्रोल कधीचं आहे?"

तो टाकीच्या झाकणाकडे बघू लागला. म्हणजे मागच्या वर्षीचं. मायकेनने दोर फेकला. त्याने बांधलेली गाठ पहिल्याच हिसक्याला सुटली. शेवटी तीच उडी मारून त्याच्या बोटीवर गेली आणि जाड दोर शोधायला मागचा कप्पा उघडला. ओल्या पोत्याखाली सामन होता.

"अकरा किलो," स्ताफान म्हणाला. सवयच ती.

मायकेनने पोतं बाजूला केलं. पाठीवर पराच्या जागी लालभडक चीर होती, कडा सरळ, अजून ओलसर.

"हे काय?"

"जाळ्यात अडकून फाटला असेल."

"जाळ्याला कात्री कधीपासून फुटली?"

"हे बघ, तो मरायलाच टेकला होता. पाण्यात टाकून पाणपक्ष्यांना घालायचा का?"

"वजनाला नेणार आहेस?"

त्याने पोतं परत माशावर ओढलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुझ्या शेडचा करार जूनमध्ये संपतो ना? समितीपुढे तो विषय मीच मांडायचा आहे. मला वाटतं, सगळं नीट होईल."

मूर्ख माणसांची मायकेनला सवय होती. त्यांच्यावरच तिचं पोट चालत होतं. पण मूर्ख माणूस धमकी देताना किती बारीक दिसतो, हे तिने एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. तिने जाड दोर ओढून काढला. घट्ट गाठ मारली आणि परत आपल्या बोटीवर आली.

दीड तास ओढत आणताना तिने अल्गोतच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. अल्गोत पायाशी बघत राहिला.

"जाऊ दे, मायकेन."

"तुझं आयुष्यभर जाऊ देच!"

धक्क्यावर चाळीसेक माणसं होती. दालचिनीच्या पावांचा वास सुटला होता. काट्यावर सोलवेग होती, दाताच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली, अक्षर मोत्यासारखं. स्ताफानने मासा स्वतःच काट्याला टांगला, पोट लोकांकडे आणि पाठ भिंतीकडे. अकरा किलो दोनशे. टाळ्या वाजल्या.

"सोलवेग, जरा पाठीवरून अंगठा फिरव," मायकेन म्हणाली.

टाळ्या थांबल्या. सोलवेगने मासा फिरवला, अंगठा फिरवला आणि अंगठा वर करून पाहिला. त्यावर रक्त होतं.

एकाला अचानक आपल्या बुटाची नाडी आठवली. दुसरा पाव इतका मन लावून चावू लागला की जणू त्यात काटे होते. मासा काट्याकडे आणताना यातल्या निम्म्यांनी चीर आधीच पाहिली असणार, पण अध्यक्षांशी वाकडं कोण घेणार? लेकाची मेंढरं, मायकेनच्या मनात आलं. मेंढरांना निदान लोकर तरी असते.

सोलवेगने स्ताफानच्या नावावर रेघ मारली. पट्टी घेऊन, सरळ.

स्ताफानचा चेहरा पांढरा झाला. "वा! फार सोवळी झालीस. मग तुझ्या अल्गोतला विचार की! दोन वर्षांपूर्वी मेमध्ये त्यानेही हेच केलं. माझी बोट शेजारीच होती. मी पाहिलं आणि तोंड बंद ठेवलं."

मायकेन हसत अल्गोतकडे वळली. अल्गोतने टोपी काढली होती.

"हो," तो म्हणाला.

तेवढंच. पण तिला ते जेवण आठवलं: अल्गोतच्या स्वयंपाकघरात बडीशेपेच्या पाल्यातला सामन, नवे बटाटे, खाटेवर उशांना टेकून बसलेली, शेवटच्या आजारातली त्याची बायको गेर्ड. आणि मायकेनने दोनदा वाढून घेतलं होतं.

"आमचंही नाव खोड," ती सोलवेगला म्हणाली.

"अगं, तुमचा ट्राउट तर नियमातला आहे."

"खोड म्हणते ना."

पहिलं बक्षीस शेवटी अडीच किलोच्या माशाला मिळालं. तो पकडणारा शाळामास्तर इतका गोंधळला की सगळ्यांची माफी मागू लागला.

बोट धुताना मायकेनने तोंड उघडलं. "माझ्या फ्रीजरमध्ये तेव्हा तीन सामन पडले होते. नियमातले. मागायला जीभ झडली होती?"

"गेर्डने खाणं सोडलं होतं," अल्गोत म्हणाला. "मी धरलेला मासा खाईन म्हणाली. तीन आठवडे मला एकही लागला नाही. मग तो लागला."

"आणि मलाही वाढलास."

"उरला होता."

ती त्याच्याशी पाच आठवडे बोलली नाही. त्याचा राग यायचा, मग गेर्डचं हडकुळं मनगट आठवायचं, मग स्वतःचाच राग यायचा, कारण स्ताफानला तुच्छ मानणं किती सोपं आणि सुखाचं होतं! ते सुख अल्गोतने नासवलं होतं.

जूनमध्ये समितीने जागेच्या नियोजनाचं कारण देऊन तिचा करार संपवला. स्ताफान अध्यक्षपदी राहिला. विरोधात दोनच हात वर झाले, सोलवेगचा आणि त्या मास्तरचा. पत्र आलं त्याच दुपारी अल्गोत दारात येऊन उभा राहिला.

"माझा गोठा रिकामा आहे. छप्पर गळत नाही. वीज आहे."

"वास येत असेल."

"येतो."

तिने हत्यारं तीन फेऱ्यांत हलवली. आठवड्याभरात लोक मोटारी घेऊन गोठ्यावर येऊ लागले, पाव चावणारा तर सगळ्यांच्या आधी. मायकेनने त्याला रांगेत शेवटी टाकलं. स्ताफानने मोटार शहरात नेली, आणि तिथल्या कारागिराने तिला फोन करून विचारलं, की या माणसाने मोटार चालवली की बुडवली?

ऑगस्टअखेर एका संध्याकाळी अल्गोत गोठ्याच्या दाराशी रेंगाळला. ती हात पुसत होती.

"शनिवारी वारा पडेल म्हणतात," तो म्हणाला.

"मग?"

"काही नाही. म्हटलं, सांगावं."

मायकेनने फडकं खुंटीला अडकवलं. "पाचला ये. कॉफी तू आण. आणि एक सांगून ठेवते, मासा बोटीशी आला की जाळं माझ्या हातात. तू नुसता दोरा धरायचा."

अल्गोतने कानामागे हात धरला. "काय म्हणालीस?"

"बहिऱ्या, सगळं ऐकलंस तू," ती म्हणाली आणि दिवा मालवला.