फ्रेंचचा परवचा

“दौलतजी!” चेतन ओरडला आणि त्याच्या काकाने, श्रीधरने, अंगठ्यावरून पाण्याची धार सोडली.

“कवडूजी!”

दुसरी धार पडली.

“नारायणजी!”

तिसरी धार पळसाच्या पानावर पडून पाटाखाली वाहत गेली. खापरपणजोबा, पणजोबा आणि आजोबा असे तिघेही तृप्त झाले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची नावे घरातल्या सर्वांत लहान पोराने उच्चारायची आणि पाणी थोरल्या मुलाने सोडायचे, ही पांढुर्ण्याच्या कळंबे घराण्याची रीत. ती मोडायची कोणाची छाती नव्हती, कारण शेजारच्या पाटावर गुलाबबाई ताठ बसलेल्या असत.

“आजी, फ्रेंचमध्ये पण बोलावू का त्यांना?” चेतनने विचारले. “आई म्हणाली, रोज फ्रेंच बोलायचं.”

“तुझे खापरपणजोबा जन्मात नागपूरच्या पुढे गेले नाहीत. आज जेवायला बोलावलंय त्यांना. दारातूनच बावचळून परत जायला नकोत.”

त्याची मोठी बहीण केतकी पदराआड हसावे तशी ओढणीआड हसली. गुलाबबाईंनी तिच्याकडे नुसते पाहिले. ती सरळ बसली.

फ्रेंचचे प्रकरण साधे नव्हते. मुले पुण्याच्या शाळेत फ्रेंच शिकत. मागच्या उन्हाळ्यात पांढुर्ण्याला येऊन, तिगावच्या संत्र्याच्या बागेत हुंदडून ती परत गेली, तेव्हा नमस्कारालासुद्धा फ्रेंच शब्द आठवेना, अशी त्यांची गत झाली होती. त्यांची आई, धाकटी सून मृणाल, स्वतः एका फ्रेंच कंपनीत कामाला. तिने यंदा मुलांना गाडीत बसवण्याआधी सासूबाईंना फोन केला होता.

“आई, शाळा उघडल्या उघडल्या चाचणी आहे. या वर्षीही सगळं विसरून आली, तर पुढच्या सुट्टीत मला त्यांना इथेच शिबिराला घालावं लागेल. मग गावाकडे येणं नाही जमायचं.”

आवाज मऊ होता, पण गुलाबबाईंना त्यातली धार कळली. उन्हाळ्यातली ती दोन पोरे म्हणजे त्यांच्या वर्षाचा निम्मा जीव. तसे बोलून दाखवण्याचा मात्र त्यांचा स्वभाव नव्हता.

“माझ्या घरात मुलं काही विसरत नाहीत, मृणाल,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवसांनी फोनवर परीक्षा घे. बघ.”

गुलाबबाईंनी उभी हयात शाळेत काढली होती. आधी रामाकोन्याला, मग सौंसरला. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा अख्खा तालुका त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणत होता. फ्रेंचचा एक शब्द त्यांना येत नव्हता, पण ही अडचण त्यांना अडचणच वाटली नाही. भाषा कोणतीही असो, पाठ केल्याशिवाय ती अंगी लागत नाही, हा त्यांचा सिद्धान्त.

तेव्हा दिवेलागणीला शुभंकरोती झाले, की फ्रेंचचा परवचा सुरू होई. मुले मांडी घालून बसत आणि डोलत डोलत म्हणत, “अं, दे, त्रूआ, कात्र...” आकडे झाले की वार, वार झाले की महिने, मग क्रियापदांची लांबच लांब माळ. गुलाबबाई डोळे मिटून हाताने ठेका धरत.

“थांब. तिसऱ्या ओळीत काय घुसवलंस?”

“काही नाही, आजी.”

“काल तिथे दोन मात्रा होत्या, आज सहा झाल्या. काय म्हणालास?”

“...भेंडी,” चेतन पुटपुटला.

“पहिल्यापासून.”

शेजारचे वीरेंद्रजी रोज ओसरीवरून हे ऐकत. एकदा त्यांनी न राहवून विचारलेच, “गुलाबबाई, हे कोण्या देवाचं स्तोत्र चालू करून राहिल्या तुम्ही?”

पंधरा दिवसांनी फोन आला. गुलाबबाईंनी मुलांना स्वच्छ कपडे घालून फोनच्या चौकोनासमोर बसवले. पडद्यावर मृणाल हसली आणि फ्रेंचमध्ये काहीतरी विचारले. लहानसाच प्रश्न असावा.

केतकीने चेतनकडे पाहिले. चेतनने आजीकडे पाहिले. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ‘अं, दे, त्रूआ’ सुरू केले. तो थांबेना. शंभराच्या पुढे गेल्यावर मृणालनेच हात वर केला.

“मी विचारलं होतं, आज दुपारी काय खाल्लंत,” ती म्हणाली. “आई, तुम्ही खूप मेहनत घेताय. पाठ छान आहे हो. पण बोलायला कोणी नाही ना तिथे. मी शिबिराची चौकशी करून ठेवते.”

फोन बंद झाला. गुलाबबाई बराच वेळ पदराच्या टोकाची घडी घालत आणि मोडत बसल्या. मुले हळूच अंगणात पसार झाली.

“आई,” थोरली सून वंदना कणीक मळता मळता म्हणाली, “पुष्पाबाईंची पोरगी अश्विनी आली ना सौंसरले, सुट्टीची. नागपूरच्या शाळेत फ्रेंचच तं शिकवते. तिच्याकडं धाडू ना पोरांले.”

“तिच्याकडे नको.”

“काहून?”

“नको म्हटलं ना.”

कारण वंदनालाही ठाऊक होते. या भागात उन्हाळ्यातल्या कुरडया, शेवया कोणी एकटीने करत नाही. आज तुमच्या गच्चीवर मी, उद्या माझ्या गच्चीवर तुम्ही. या हिशेबाला पैसा चालत नाही, भेटवस्तू चालत नाही; हाताची फेड हातानेच व्हावी लागते. गुलाबबाईंच्या लेकीच्या, अमिताच्या, लग्नाच्या वर्षी पुष्पा नगराळे, त्यांच्याच शाळेतल्या शिक्षिका, दोघी जावांना घेऊन भल्या पहाटे पांढुर्ण्याला आल्या होत्या आणि अख्ख्या लग्नाच्या कुरडया एका सकाळीत घालून गेल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात गुलाबबाईंची निवडणुकीची ड्युटी निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी नारायणजींचे दुखणे. मग निवृत्ती, मग आणखी काही. एकदा त्यांनी सौंसरला जाणारी खासगी बस गाठून कंडक्टरच्या हाती एक चांगली इंदुरी साडी पाठवली. परतीच्या बसने साडी घडीसकट आली आणि सोबत निरोप आला, “हाताचं हातानं, बाई.”

वर्षे साचली, तसे ते देणेही जड झाले. पुष्पाबाई दर बुद्धपौर्णिमेला खिरीचे आमंत्रण देत. गुलाबबाई दर वेळी काहीतरी निमित्त सांगत.

आणि आता त्याच घरी आणखी एक मागणे घेऊन जायचे? त्या उठल्या, अंगणात आल्या. चेतन जांभळीखाली मातीत काडीने आगगाडी काढत होता. पुढच्या वर्षी ही जागा रिकामी असेल, एवढा एकच विचार त्यांच्या मनात आला. त्या तशाच आत वळल्या.

“वंदना, पुष्पाच्या कुरडया कधी आहेत, विचार. मी येतेय म्हणून सांगू नकोस.”

कुरडया परवाच घालायच्या होत्या.

त्या पहाटे श्रीधरने तिघांना गाडीने सौंसरला सोडले. पुष्पाबाईंच्या गच्चीवर मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक रटरटत होता आणि त्या लाकडी दांड्याने तो घोटत होत्या. जिन्यातून वर आलेले पांढरे डोके पाहून त्यांचा दांडा थांबला.

“माय वो! मोठ्या बाई? सगळं ठीक आहे ना घरी?”

“ठीक आहे. हात धुऊन आले आहे. सोऱ्या कुठाय?”

“बसा तं आधी. अश्विनी, पाणी आण वो बाईंले.”

“पाणी राहू दे. सोऱ्या दे.”

पुष्पाबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले आणि सोऱ्यात गरम चीक भरून तो मुकाट्याने पुढे केला. गुलाबबाई पदर खोचून प्लास्टिकच्या कागदाशी बसल्या. पहिली कुरडई पडली. ती पाहायला पुष्पाबाई वाकल्या.

“बाई, हे काय होय? गांडूळ सोडलं का?”

केतकीच्या तोंडून फुर्रकन हसू फुटले. आजीला कोणी असे बोललेले तिने जन्मात ऐकले नव्हते.

“वय झालं माझं, पुष्पा.”

“मले का कमी झालं? हात उचलू नका. गोल, गोल घ्या. पोराले शून्य गिरवायले लावत होत्या ना छडी घेऊन? तसं. पुन्हा घाला.”

गुलाबबाईंनी पुन्हा घातली. तीही मोडली. “पुन्हा,” पुष्पाबाई म्हणाल्या, अगदी मोठ्या बाईंच्याच सुरात. चौथी की पाचवी कुरडई नीट वळली, तेव्हा गुलाबबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचे ओठ दुमडले गेले.

तिकडे कठड्याच्या सावलीत अश्विनीने गरम चिकाच्या वाट्या भरल्या, वर तूप-साखर घातली. दोन्ही मुले वासावर धावली. अश्विनीने वाट्या मागे ओढल्या आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. चेतनने बोट दाखवले. तिने न समजल्यासारखे खांदे उडवले आणि स्वतःच एक चमचा तोंडात घातला. “अहाहा,” हे मात्र तिने मराठीत म्हटले.

केतकीचा धीर आधी सुटला. अडखळत, शब्द चाचपत तिने वाटी मागितली. वाटी मिळाली. मग चेतनने. मग त्याला साखर जास्त हवी होती, तीही तशीच मागावी लागली. मग “अँकोर! अँकोर!” म्हणजे ‘आणखी’, हा एक शब्द त्याने इतक्यांदा वापरला की पुष्पाबाईही तो शिकल्या आणि चिकाचे पातेले खाली घेताना सहज म्हणून गेल्या, “अँकोर आहे रे भाऊ, पळून नाही चाललं.”

ऊन वर आले तसे कावळे आले. ओल्या कुरडयांवर पहिला कावळा झेपावला आणि चेतन त्याच्या अंगावर फ्रेंचमध्ये ओरडत धावला. अश्विनी त्याला कठड्यावरून नवेनवे शब्द पुरवत होती. केतकी काठी घेऊन दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि दोघांचे गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भांडण जुंपले, तुझ्या बाजूने आला, नाही तुझ्या बाजूने आला. ते कोणत्या भाषेत चालले आहे, याची त्यांना शुद्ध नव्हती.

फोन वाजला तेव्हा गुलाबबाईंचे दोन्ही हात चिकाने माखलेले होते. केतकीने तो घेतला. मृणालने नेहमीसारखे काहीतरी विचारले आणि केतकी सुरूच झाली. हातवारे करत, मध्येच शब्दासाठी अश्विनीकडे पाहत, मध्येच चेतनला दटावत. फ्रेंचमध्ये ‘मामी’ म्हणजे आजी, एवढे गुलाबबाईंना कळत होते. तो शब्द आला की पलीकडून मृणाल खदखदून हसे. आपल्या गांडुळांची गोष्ट पुण्याला पोचली, हे त्यांनी ओळखले.

“आई,” मृणालचा आवाज हसण्याने भिजला होता, “मुख्य म्हणजे मला बोलूच देत नाहीयेत ही. कुठे आहात तुम्ही?”

“पुष्पाच्या घरी. अश्विनी बोलते त्यांच्याशी. मी नुसती कुरडया घालते आहे.”

“पुढच्या वर्षी परीक्षा संपली की लगेच पाठवते. चालेल ना?”

“पाठव,” गुलाबबाई म्हणाल्या. आवाज नीट निघाला नाही, म्हणून त्यांनी तोच शब्द पुन्हा एकदा, मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हटला.

उन्हाचा चटका बसू लागला. पुष्पाबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या.

“बास करा आता, बाई. फिटलं. सावलीत या, पाणी घ्या.”

“पातेलं रिकामं झालेलं नाही.”

“राहिलेलं मी घालतो. घोटभर पाणी तं प्या, सकाळपासून तोंड सुकून राहिलं तुमचं.”

“ज्या घरचं देणं लागते, त्या घरचं पाणी मी पीत नाही, पुष्पा. तुला माहीत नाही का?”

पुष्पाबाई पेला धरून तशाच उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

“म्हणून इतकी वर्षं आल्या नाही? खिरीलेही?”

“मग आणखी कशासाठी?”

पुष्पाबाईंनी पेल्यावर बसू पाहणारी माशी हाताने वारली.

“काही नाही,” मग त्या म्हणाल्या. “मले दुसरंच वाटून राहिलं होतं. आमच्या घरचं तुम्हाले चालत नसंल म्हणून.”

गुलाबबाईंचा सोऱ्या हवेत थांबला. चिकाची तार खाली लोंबत राहिली. त्यांनी पुष्पाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग खाली वाकून पातेल्याच्या कडेचा, तळाचा सगळा चीक निपटून सोऱ्यात भरला. शेवटच्या कुरडया त्यांनी सावकाश घातल्या. एकीचीही तार तुटू दिली नाही.

“आता सांग.”

“फिटलं, बाई.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

गुलाबबाईंनी माखल्या हातानेच पेला घेतला, उभ्याउभ्या रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.