डाळिंबी रंगाची बाजू

रंगाऱ्याच्या दुकानात घड्याळ नव्हतं. होता एक जुना रेकॉर्ड प्लेअर, आणि सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉक नि हेवी मेटलच्या रेकॉर्डींनी गच्च भरलेली फळी. प्रत्येक रंगाची रेकॉर्ड ठरलेली. कव्हरवर धुक्यात उभे चार जटाधारी म्हणजे गडद निळा. ज्वालामुखीवर बसलेलं लोखंडी पाखरू म्हणजे डाळिंबी. सुई टेकली की कापड उकळत्या हंड्यात जायचं, गाण्याच्या चालीवर लाकडी वल्हं फिरायचं, आणि कापड बाहेर कधी काढायचं तेही गाणंच सांगायचं.

"मेल्या, मिनिटं मोजायला काय धाड भरते तुला?" थोरली बहीण विचारायची. पुढच्या खोलीत इस्त्री नि गिऱ्हाईक ती सांभाळायची, कानांत कापसाचे बोळे घालून.

"ताई, मिनिटं सगळी एकाच चालीची. कापडाला कधी सावकाश घोळवावं लागतं, कधी झपाझप."

माणूस देवासारखा, पण हट्टी एक नंबरचा.

त्या दिवशी नाट्यगृहाचा पाचवा पडदा रंगायचा होता. चार झाले होते, पाचवा त्यांच्याशी हुबेहूब जुळायला हवा, संध्याकाळी खेळ. रंग उकळला आणि नेमकी रंगाऱ्याची दाढ अशी ठणकली, की तो भिंतीला डोकं टेकून कण्हू लागला. ताईने त्याला दातांच्या डॉक्टरकडे पिटाळलं.

"पाखराची पहिली बाजू लाव," गाल धरून तो जाता जाता म्हणाला. "पहिलं गाणं हत्तीसारखं, तसंच वल्हव. दुसरं पळतं, तूही पळ. तिसऱ्यात ड्रमवाला एकटा उरतो, तेव्हा हात थांबव. तो संपला नि बेस वाजला की काढ. लवकर काढलास तर फिका, उशिरा काढलास तर काळपट."

"बेस कुठला रे?"

"पोटात वाजतो तो!"

ताईने देवाचं नाव घेतलं, कापसाचे बोळे काढले आणि सुई टेकवली. घर पडल्यासारखा आवाज झाला. हत्तीबरोबर ती हत्ती झाली. दुसऱ्या गाण्यात पदर खोचून अशी पळाली, की घाम निथळला. मग कुणीतरी जीव जाईल असं किंचाळलं. तिने घाबरून फोन लावला.

"अरे, तो माणूस होता की गिटार? माणूस असेल तर एकदा हुंकार दे, गिटार असेल तर दोनदा."

भावाच्या तोंडात कापूस कोंबलेला. "अं. अं."

"इतका रडवा आवाज, नि तारांचा? बरं, आता ड्रमवाला एकटाच बडवतोय. थांबला! काढू?"

"अंहं! अंहं!"

"अगंबाई, परत सुरू झाला की! लबाड मेला."

एवढ्यात फोनवर डॉक्टर आले. "बाई, दाढ निघतेय. ठेवा आता."

ताई एकटी पडली. ड्रमवाला पुन्हा थांबला. तिचा हात कापडाकडे गेला, पण तिने तो आवरला. डोळे मिटले. इतकी वर्षं जो गोंगाट तिने कापसाने अडवला होता, त्यात हा ड्रमवाला केवढ्या निगुतीने सगळ्यांना ताटकळत ठेवतोय, हे तिला आत्ता कळत होतं. ठोके परत आले, हलके झाले, पावलांसारखे लांब गेले. आणि मग पोटात, अगदी बेंबीमागे, काहीतरी जड हललं; आणखी एकदा हललं.

"आला!" म्हणत तिने कापड उपसलं.

संध्याकाळी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने पाचही पडदे टांगले. चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले. "यातला आजचा कुठला?" त्याने विचारलं. ताईने मोठा श्वास सोडला.

सुजल्या गालाचा रंगारी मात्र सरळ डावीकडून चौथ्या, म्हणजे आजच्याच पडद्यापाशी गेला आणि बहिणीकडे पाहून त्याने एक बोट वर केलं. एक ठोका उशीर.

"माहितेय," ताई हळूच म्हणाली. "पण बेसचा ठोका इतका गोड होता रे, सोडवेना."