निबंधाची अर्जी झाली

उत्तरेश्वरचा पहिला निबंध दीड पानाचा होता. शिक्षणखात्यानं मुलांसाठी स्पर्धा ठेवली होती. विषय, ‘आमच्या गावातील एक वाईट चाल’. पहिल्या येणाऱ्याला औरंगाबादच्या हायस्कुलात फीमाफी आणि बोर्डिंगात जागा. त्यानं वेठीवर लिहिलं होतं. गोरगरिबांना वेठीला धरतात, फार हाल होतात, सरकारनं लक्ष द्यावं.

मी समासात लाल शाईनं लिहिलं : कोण? केव्हा? किती? हैदराबादेत रसायनशास्त्र शिकून मी त्याच वर्षी या शाळेवर आलो होतो. मोजमाप नसलेलं विधान मला विधान वाटतच नसे.

चार दिवसांनी तो आठ पानं घेऊन आला. मागच्या फाल्गुनात दौऱ्यावरच्या साहेबांचा तळ हलला. पाटलांच्या गाड्या ज्वारीच्या खळ्यावर गुंतलेल्या, म्हणून ओझ्याला अकरा माणसं धरली. पाळी उत्तरेश्वरच्या घराची होती. बाप सटवा तीन दिवस तापानं पडला होता, तरी कोतवालानं दारावर काठी आपटून त्याला उठवलं. तंबूचा लोखंडी खांब त्याच्या डोक्यावर दिला. नारायणगडाच्या चढावर तो खाली बसला तो उठलाच नाही. सोबत आसाराम आणि तात्याबा होते. प्रेत आई मंजुळाबाईनं चढावर येऊन ओळखलं. त्या खांबाचा जोडीदार चावडीमागं पडला होता. तो उत्तरेश्वरनं दोनदा तोलला होता : एकतीस शेर.

“तोलायचं कसं सुचलं रे?”

“तुमीच इचारलंत ना, किती म्हणून.”

मी निबंध अभिमानानं पाठवला.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. कचेरीतल्या कारकुनानं पानं चाळली. ज्या कागदावर नावं, तिथी आणि साक्षीदार आहेत, तो कागद अर्जी, अशी तिथली रीत. त्यानं निबंधाला आवक नंबर दिला आणि चौकशीसाठी खाली धाडला. चौकशी आमच्याच चावडीत, पाटलांच्या बैठकीवर.

आदल्या संध्याकाळी बबनराव पाटील शाळेत आले.

“मास्तर, पोरायला निबंध शिकवायलाव का वकिली?” ते हसत बाकावर बसले. “अर्जी खोटी ठरली की पोराचं नाव शाळेतून गेलं. खरी ठरवायला गवाह लागतेत. आसाराम माझ्या मळ्यात राहतो, तात्याबा त्याचा साडू. ऱ्हायली माय. ती म्हनली का पोरानं मनचं लिवलं, तर निबंध त्यो निबंध. मंग अर्जीच न्हाई. माजंबी काय वैर हाय का लेकराशी?”

सकाळी मंजुळाबाई आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“गुरुजी, त्ये दोघं फिरलेत. मी एकटी खरं बोलले तर?”

“दोघांविरुद्ध एक. अर्जी खोटी ठरेल. त्याचं नाव कमी होईल.”

“आन् न्हाई म्हनले तर?”

“तर निबंध राहील. बहुतेक पहिला येईल.”

माझं उत्तर बिनचूक होतं. तिनं पदर ओढून घेतला आणि चावडीकडं निघाली.

चौकशीला आलेले पेशकार घाईत होते. आसाराम म्हणाला, “सटवा आपखुशीनं आल्ता, साहेब. म्हनला, गडाचं दर्शनबी व्हईल.” मागं कुणीतरी हसलं. तात्याबा त्या दिवशी गावातच नव्हता म्हणे. मग मंजुळाबाईला पुढं बोलावलं.

“त्याचा बाप घरात मेला. तापानं. पोराला लिवायचा नाद हाय, कायबी लिवतंय.”

“आये!” उत्तरेश्वर ओरडला. तिनं मान वळवली नाही. “मी खांब तोललाय साहेब! तागडी आना, परत तोलून दावतो!”

“तोल की,” पाटील म्हणाले. “खांब खराच हाय. पर माय खोटं बोलती म्हनतूस व्हय बे?”

पेशकारांनी आठवं पान उत्तरेश्वरपुढं सरकवलं. खाली लिहायचं होतं, सर्व मजकूर कल्पित आहे. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

“लिही,” मी म्हणालो.

निबंध पहिला आला. त्या चावडीनंतर उत्तरेश्वर आईशी एक शब्द बोलला नाही. भाकरी ठेवली तर खायचा, नाहीतर तसाच शाळेत यायचा. तो औरंगाबादला निघायच्या दिवशी मंजुळाबाईनं मला वेशीत गाठलं.

“माजं आयकत न्हाई त्यो. मी का म्हून तसं म्हनले ते तुमालाच ठाव हाय. तुमी सांगा त्याला.”

गाडी ओढ्यापाशी थांबली होती. मला पाहून तो खाली उतरला, पाया पडला.

“गुरुजी, या गावात खरं मागनारे तुमी एकलेच.”

मी गाडीचा कठडा धरून उभा राहिलो. वाक्यं तयार होती. सगळी मिळून चार. पण चौथ्या वाक्यात त्या सकाळी उंबऱ्यात मी दिलेलं उत्तर येत होतं. उत्तरेश्वर वर चढून बसला, गाडीवानानं बैलांना हाक दिली.

मी परतलो तेव्हा मंजुळाबाई वेशीतच उभी होती.

“सांगितलं का?”

“सांगितलं.”

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती दोन पावलं जवळ आली.

“मंग? काय म्हनला?”