फणीतून जाणारी गाठ

गजेंद्रनानांनी दोराची दोन्ही टोकं जोडून गाठ मारली, अंगठ्यानं दाबली आणि दोर लेकीच्या हातात दिला. दोन सेकंद लागले. सुरतेत लिंबायतच्या कापड कारखान्यात एकच लागायचा. पण तिथं धागा असे, इथं बोटाएवढा दोर होता.

“झाली पण?” गायत्रीनं विचारलं. “कडा उतरताना दोर मध्येच संपला तर माणूस टोकातून निसटू नये, म्हणून असते ही.”

“पस्तीस वर्षं मागावर दुसरं काय केलं? हात फिरव ना बेटा. लागते का बोटाला?”

फारशी लागत नव्हती. विणकराच्या गाठीची शोभाच ती: मागाच्या फणीतून सुळकन जावी, कापडात दिसू नये.

“एकदम बराबर, नाना.”

नाना समाधानानं पाठ फिरवून बाटलीतलं सगळं पाणी प्यायले. तोवर तिनं दोर गोळा करून खाली फेकला.

कच्छमधली ती कोरडी घळ सुरतेहून गाडीनं दिवसभराच्या अंतरावर. गायत्री आणि तिचा नवरा योगेंद्र सुट्ट्यांत असल्या कड्यांवरून उतरत. घरात जिना असताना लेक हे का करते, ते बघायला नाना आले होते.

गायत्री पहिली उतरली. तीस फूट छान गेले. मग बुटाखालचा दगड निसटला, त्याच्यामागून आणखी चार, आणि दोर आवरणारा तिचा हात सुटला. ती सरसर खाली गेली. गेल्या पावसाळ्यात तळाची वाळू वाहून गेली होती. दोर पंधरा फूट वरच संपत होता. खाली धोंडे.

“टोकाला गाठ आहे,” योगेंद्र पुटपुटला. “तिथं अडकेल.”

तिच्या कमरेला आठाच्या आकड्यासारखं कडं होतं, दोर त्यातून जाई. नानांना त्याचं भोक फणीएवढं स्पष्ट दिसलं. गाठ अडकणार नव्हती. ती अडकू नये म्हणूनच तर हयात घातली होती. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

दोर ताणला. गायत्री हिसक्यानं थांबली, लोंबकळली आणि वर बघून तिनं हात हलवला.

योगेंद्रनं दुसरा दोर सोडून तिला तळाला टेकवलं, मग नानांनाही, आणि शेवटी स्वतः उतरला.

नाना मान वर करून बघत राहिले. पहिला दोर लोंबत होता. टोकाला मुठीएवढी, बेढब गाठ. असली गाठ मारणाऱ्याला त्यांनी कारखान्यात दुसऱ्या दिवशी उभं केलं नसतं.

“गाठ चांगली धरली,” ते म्हणाले.

“तुमचीच ना,” गायत्री बुटातले खडे झटकत म्हणाली.

नानांनी मान डोलावली.

पुढं आणखी एक कडा होता. दोर खाली काढून घेतल्यावर तिनं टोकं पुन्हा त्यांच्यापुढं धरली. योगेंद्र काही बोलणार होता. जावई असल्यामुळे बोलला नाही.

नानांनी गाठ मारली. दोन सेकंदांत, तश्शीच. दोर लेकीच्या हाती दिला. मग बाटली काढली, दोघांकडे पाठ केली आणि बराच वेळ पाणी पीत उभे राहिले.

बाटली मघाशीच रिकामी झाली होती.