मास्तरांची लाडकी दहा हजार चारशे तीन

मी दहा हजार चारशे तीन बोलतेय. हो, संख्याच. माझ्या दोन्ही बाजूंच्या शेजारणी सम, कुणीही यावं आणि निम्मं करून जावं. मला त्यांची कीव यायची.

कारण मला मान होता. गणिताच्या एका मास्तरांनी तरुणपणी मला निवडलं आणि शंभराच्या आतल्या एकूण एक मूळ संख्येने भागून पाहिलं. सातने भागलं, एक उरला. तेराने भागलं, तीन उरले. सत्त्याण्णवने भागलं, चोवीस उरले. "शंभराचा वर्ग दहा हजार. पुढे बघायची गरजच नाही," असं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं. माझे वरचे चारशे तीन ते साफ विसरले! मग पस्तीस वर्षं मी फळ्याच्या कोपऱ्यात मिरवले. "ही मूळ संख्या. हिचे सारखे वाटे करणारा अजून जन्माला यायचाय," असं ते प्रत्येक वर्गाला सांगत.

खरं काय ते मला ठाऊक होतं. पण फुकट मिळालेला मान कोण परत करतं? मी आपली गप्प बसले.

मास्तर निवृत्त झाले, फळा सुटला. पुढे त्यांच्या बायकोने खिडकीसाठी मण्यांचा पडदा करायला घेतला. मास्तरांनी दोन दिवस जेवणाचं टेबल अडवून बरोबर माझ्याइतके मणी मोजले.

"घे. यांच्या सारख्या सरी करून दाखव. जमलं तर जन्मभर भांडी मी घासेन."

"अहो, मला पडदा करायचाय, तुमची परीक्षा नाही द्यायची."

खिडकीच्या उंचीला एकशे तीन मणी लागत. ती ओवत गेली. महिन्याभराने एकशे एकावी सर पुरी झाली आणि डबा रिकामा! तिने पुन्हा सगळं मोजलं. आता माझं बिंग फुटणार होतं. त्याचं काही नाही, पण म्हातारा पार खचेल याचं मला खरंच वाईट वाटलं.

आतल्या खोलीत मास्तर फोनवर जुन्या विद्यार्थ्याला माझंच कौतुक ऐकवत होते. तिने क्षणभर ऐकलं. शेवटच्या सरीतला एक मणी काढून चष्म्याच्या डबीत टाकला आणि हाक मारली, "अहो, हरले हो! एक मणी कमी पडला."

मास्तरांनी माझी मिरवणूक काढायचीच काय ती बाकी ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती आखूड सर दाखवून झाली.

आठवड्याने चष्म्याचं फडकं शोधताना त्यांना तो मणी सापडला. त्यांनी मणी पाहिला, सर पाहिली. वर्तमानपत्राच्या कडेला मला लिहिलं आणि एकशे एकने भागलं. बाकी शून्य. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मग त्यांनी मणी होता तिथे ठेवला, बाह्या दुमडल्या आणि स्वयंपाकघरात गेले.

"हे काय? भांडी का घासताय?"

"सहज."

आता ते रोज घासतात. ती विचारत नाही, ते सांगत नाहीत. तुमचं कधी त्या घरी जाणं झालं, तर मला खुशाल भागा, माझी काही तक्रार नाही. फक्त ती आखूड सर दिसली, तर मणी कुठे गेला एवढं मात्र विचारू नका.