पावसाला थांब म्हणायचं नाही

हैदराबादला माझ्या भावाकडे, बालाजीकडे, आम्ही चार दिवसांसाठी गेलो आणि पावसाने आम्हाला घराबाहेर डोकावू दिलं नाही. माझी मिना सात वर्षांची. तिला त्या एवढ्या मोठ्या शहरातलं एकच पाहायचं होतं, प्राणिसंग्रहालयातला वाघ. शाळेत सगळ्यांना सांगून आली होती. बघता बघता शेवटचा दिवस उजाडला, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी, आणि बाहेर धो धो चालूच. बालाजी म्हणाला, "ताई, रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे. उघडलं तर दुपारी जाऊ."

चौथ्या मजल्यावरच्या घरात दोन पोरी कोंडून ठेवणं म्हणजे काय, ते मला विचारा. सोफ्यावर नाचू नका, पळू नका, खालचे ओरडतात. आमच्याकडे सेनगावच्या बाजूला पाऊस लागला तर पोरं गोठ्यात तरी हुंदडतात.

शेवटी बालाजीची रेवा वैतागली. खिडकीची काच सरकवून, गज धरून ओरडली, "पावसा, थांब ना रे आता! पुरे!"

मिना धावत गेली आणि तिने रेवाचं तोंड हाताने गच्च दाबलं. रेवा कडकडून चावली. मग रडारड, ओढाओढ. भावजय लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

"असं काहून केलं गं?" मी मिनाला दरडावलं.

"ती पावसाला थांब म्हणून राहिली," मिना हुंदके देत म्हणाली. "आपलं बी रानात हाय ना!"

माझा रागच ओसरला. बी जमिनीत असताना आमच्या घरात कुणी पावसाला थांब म्हणत नाही. छत गळो, मांडव भिजो, म्हणायचं नाही म्हणजे नाही. माझ्या सासऱ्यांचा, संतरामआबांचा, तो नियम. यंदा पेरणी झाल्यापासून आमच्याकडे थेंब नव्हता, उगवलेलं सोयाबीन माना टाकायला लागलं होतं. हे भावजयीला कसं समजावायचं? तिच्या लेखी पाऊस म्हणजे न वाळलेले कपडे. मी तिला कसंबसं सांगितलं खरं, पण मनातून मला माझ्या लेकीचं कौतुक वाटत होतं.

तेवढ्यात आबांचाच फोन आला. मी स्पीकर लावून मिनाच्या हातात दिला.

"वाघ पाह्यला का, बाई?"

"न्हाई. पाऊस हाय इथं."

"हाय?" आबांचा आवाज एकदम बदलला. "मोठा हाय का? फोन भाईर धर बरं जरा."

मिनाने गजातून हात काढून फोन बाहेर धरला. तिकडे कोरड्या रानात उभा राहून तो म्हातारा इकडचा पाऊस ऐकत होता. माझे डोळे भरून आले.

मिनाने फोन आत घेतला तेव्हा आबा म्हणाले, "बेस हाय. आता आसं कर, त्याला म्हण, घडीभर थांब."

मी चमकलेच. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं.

"आन आपलं सोयाबीन?" मिनाने विचारलं.

"त्याचं मी पाह्यतो. उद्या तर तू माघारी येनार. वाघ काय सेनगावला येतो व्हय? म्हण तू, मी सांगून राहिलो ना."

मिना खिडकीकडे वळली आणि पावसाकडे पाहत उभी राहिली. मी अगदी शेजारीच होते. तिचे ओठ हलले नाहीत.

"म्हणले, आबा."

"मंग? थांबला का?"

तिने खिडकीची काच हळूच ओढून घेतली. वरून जाड पडदाही सारला. मग फोन तोंडाजवळ नेला.

"व्हय आबा, थांबला. आमी निघूनच राहिलो."