पान बारावरची रिकामी चौकट

विषय : गुन्ह्यात इजा झालेल्या परदेशी व्यक्तींनी या देशात राहू देण्यासाठी करायच्या अर्जाबाबत जनतेचे अभिप्राय.

संदर्भ : १) सदर अर्ज भरण्यास सरासरी पाच तास लागतात, हा अंदाज बरोबर आहे काय, अशी कचेरीची जाहीर विचारणा. मुदत साठ दिवस. २) श्रीमती पास्कुआला आंद्रेस यांचा अर्ज, नऊ वर्षांपूर्वी सादर.

उपरोक्त विषयावर सगळ्या जनतेचं मत मागवलं गेलं. अर्जाचं मत कुणी विचारलं नाही. म्हणून मी आपण होऊनच बोलतो. मी संदर्भ क्रमांक दोन.

खरं सांगायचं तर मी त्या अर्जाची फोटोप्रत आहे. मूळ प्रत परवाने देणाऱ्या कचेरीत गेली, आणि कचेरीत गेलेला कागद पुढे काही बोलल्याचं ऐकिवात नाही. मागे राहिलेला मी स्वतःला अर्जच म्हणवून घेतो. माणसंसुद्धा बढतीचा हुकूम नसताना वरच्या खुर्चीत बसतातच की.

माझा मुक्काम अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या एका कारखान्याच्या गावात, पास्कुआलाच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या माथ्यावर. ती मला फायलीत ठेवत नाही. मक्याच्या भाकऱ्या ऊन राहाव्यात म्हणून ज्या विणलेल्या फडक्यात गुंडाळतात, तसल्याच एका फडक्यात गुंडाळून ठेवते. सातव्या पानावर तेलाचा डाग आहे आणि अंगाला मक्याचा वास. माझ्या जातीचे बहुतेक कागद धुळीच्या वासात जगतात, तेव्हा माझी तक्रार नाही.

अर्ज म्हणून माझा जन्म चर्चच्या तळघरात झाला. तिथल्या छपाईयंत्रातून मला बाहेर काढलं व्हर्लीन कुचेराबाईंनी. बाई शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या. घरी बसून करमेना, म्हणून शनिवारी तळघरात लोकांचे अर्ज भरून द्यायच्या. यंत्रातून निघालो तेव्हा मी मोठा ऐटीत होतो. पानोपान प्रश्न, आणि उत्तर एकाचंही नाही.

पास्कुआलाच्या हाती मी का आलो, ते सांगायला हवं. ती मांसाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर काम करते. एका रविवारी भर दुपारी, कपडे धुवायच्या दुकानाबाहेर दोघांनी तिची पिशवी हिसकली. तिनं सोडली नाही, म्हणून तिला मारलं आणि मनगट मोडलं. तिला वाचता फारसं येत नाही, पण पट्ट्यावरचे आकडे दिवसभर पाहून आकडा एकदा दिसला की तिच्या डोक्यात बसतो. पळणाऱ्या गाडीचा क्रमांक तिनं पोलिसांना घडाघडा सांगितला. दोघे सापडले. ती कोर्टात उभी राहिली, बोट दाखवलं. दोघांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली.

अशा साक्षीदारासाठी या देशात एक सोय आहे. पोलीसप्रमुखानं ‘या बाईंनी मदत केली’ असं सही करून दिलं, तर तिला राहण्याचा परवाना मागता येतो. शिवाय आपल्या लेकरालाही मागता येतं, मात्र ते अविवाहित हवं.

हे शेवटचं कलम ऐकलं आणि पास्कुआला खुर्चीत पुढे सरकली. ग्वातेमालाच्या डोंगरातल्या गावी, पास्कुआलाच्या आईपाशी, तिची लेक मालीन होती. सहा वर्षांची असताना सोडून आलेली. परवाना नसताना लेकीला भेटायला जायचं म्हणजे परतीचा रस्ता बंद. आणि परतायचं नाही, तर गावी घर चालायचं कशावर?

मला भरायला तिघं बसली. पास्कुआला आपल्या डोंगरी भाषेत बोलायची, तिचा मामेभाऊ दिएगो ते इंग्रजीत सांगायचा, व्हर्लीनबाई लिहायच्या. माझ्यातले काही प्रश्न ज्यांनी लिहिले, त्यांना उत्तर देणारा माणूस कधी भेटला नसावा.

“या देशात येऊन एकापेक्षा जास्त लग्नं करायचा तुमचा इरादा आहे का?” दिएगोनं विचारलं.

“एकच केलं होतं,” पास्कुआला म्हणाली. “तेवढ्यानं पोट भरलं.”

“तुम्ही कधी वंशसंहारात भाग घेतला होता का?”

हा शब्द दिएगोला तीनदा फोडून सांगावा लागला. पास्कुआला वर्षाची असताना तिच्या गावात सैनिक आले होते.

“भाग म्हणजे कुठल्या बाजूनं?” तिनं विचारलं. “आम्ही मेलो, तो भाग धरायचा का?”

दिएगोनं हे इंग्रजीत सांगितलं. व्हर्लीनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “‘नाही’वर खूण कर, पोरी,” त्या म्हणाल्या.

अशा शंभरेक ‘नाही’ तिनं निमूट दिल्या. अडलं ते पान बारावर. तिथे लेकरांची माहिती होती. नाव मालीन. आडनाव लिहून झालं. मधल्या नावाची चौकट उरली. मालीनला मधलं नाव नाही.

“इथे ‘नाही’ लिहायचं,” बाई म्हणाल्या.

“नको,” पास्कुआला म्हणाली.

“अगं, नुसत्या मधल्या नावाबद्दल आहे ते.”

“माझ्या लेकीच्या ओळीत ‘नाही’ लिहायचं नाही. रिकामं राहू दे.”

“ताई, कचेरीला रिकामं चालत नाही म्हणे,” दिएगो म्हणाला.

“आमच्या गावाला चालतं.”

तिच्या गावाला का चालत होतं, ते दिएगोनं बाईंना सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. सैनिक गेल्यावर गावातल्या वडीलधाऱ्यांनी एक यादी केली होती. जो जिवंत त्याच्या नावापुढे ‘आहे’. ज्याचं प्रेत सापडलं त्याच्यापुढे ‘नाही’. ज्याचं काहीच कळलं नाही, त्याच्यापुढची जागा रिकामी. पास्कुआलाच्या बापापुढची जागा रिकामी होती. तिच्या आईनं ती कधी कुणाला भरू दिली नाही. दोनदा दुसरा संसार चालून आला, दोनदा तिनं माणसं परत पाठवली. जागा रिकामी आहे तोवर नवरा येऊ शकतो, असा तिचा हिशेब. त्या गावात रिकामी जागा कुणी चूक मानत नाही. तिथे माणूस अजून वाटेवर असतो.

व्हर्लीनबाईंनी आयुष्यभर मुलांचे अर्ज तपासून अपुरे म्हणून परत केले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी पेनाला टोपण लावलं. चौकट रिकामी राहिली, आणि माझी मूळ प्रत टपालात पडली.

सातव्या महिन्यात मूळ प्रत परत आली. शेरा असा : पान बारा, चौकट रिकामी, सबब अर्ज दाखल करून घेता येत नाही. चौकट तर एका क्षणात भरता आली असती. पण पोलीसप्रमुखाची सही सहा महिनेच चालते, ती शिळी झाली होती. दरम्यान प्रमुखही बदलला होता. नव्या साहेबांना जुनं प्रकरण वाचून सही करायला पाच महिने लागले.

दुसऱ्या वेळी पास्कुआलानं पेन स्वतःच्या हातात घेतलं. चौकटीत अगदी बारीक अक्षरांत ‘नाही’ लिहिलं. घरी येऊन लेकीला फोन लावला.

“मालीन, मी तुझ्या नावाच्या ओळीत ‘नाही’ लिहिलंय. मनाला लावून घेऊ नकोस.”

“का लिहिलंस?”

“सरकारला पाहिजे होतं.”

“मग असू दे ना, आई. मी आहेच की.”

तेव्हा ती दहा वर्षांची होती. माझी ही नक्कल त्याच दिवशी काढली. म्हणून माझ्यापाशी मालीन दहाचीच आहे.

मूळ प्रत या वेळी दाखल झाली. पोच आली. त्यानंतर काही आलं नाही. दर रविवारी जेवणं झाली की पास्कुआला मला फडक्यातून सोडायची, पान बारा काढायची, त्या ओळीवर बोट ठेवायची आणि फोन लावायची. दहाच्या ओळीवर बोट ठेवून ती अकराव्या वर्षाच्या, तेराव्या वर्षाच्या, सोळाव्या वर्षाच्या मुलीशी बोलली. आवाज बदलला, बोटाखालची ओळ तीच. ते दोन चोर शिक्षा भोगून सुटले. एक म्हणे दिएगोला पेट्रोलपंपावर दिसला, चांगला जाड झालाय. व्हर्लीनबाई आता काठी घेऊन तळघरात उतरतात.

गेल्या उन्हाळ्यात मालीनला मागणी आली. मुलगा गावातलाच, शाळेत शिकवतो. त्यांच्याकडची रीत अशी की मुलाकडचे तीनदा येतात, दर खेपेला टोपलीभर पाव आणि चॉकलेट घेऊन. पहिल्या दोन खेपांना मुलीकडचे टोपली भरलेलीच परत करतात, त्यात कुणी अपमान मानत नाही. तिसऱ्या खेपेला मात्र उत्तर द्यावं लागतं. पाव ठेवून घेतला तर लग्न ठरलं. परत केला तर ती माणसं पुन्हा कधी त्या दारात येत नाहीत. दोन खेपा झाल्या होत्या. तिसरी मका निघाल्यावर.

“तुला आवडतो का?” पास्कुआलानं फोनवर विचारलं.

“बरा आहे.”

“बरा म्हणजे?”

“आई, बरा म्हणजे बरा! हसवतो मला.” मग थोडं थांबून, “लग्न केलं तर मला तिकडे येता येणार नाही ना?”

“नाही येणार.”

“आणि नाही केलं तर किती दिवसांत येईन?”

पास्कुआलाचं बोट माझ्यावर होतं. किती दिवस, ते माझ्या सगळ्या पानांत मिळून कुठेही लिहिलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात व्हर्लीनबाई संदर्भ क्रमांक एक घेऊन तिच्या घरी आल्या. कचेरीला जनतेकडून जाणून घ्यायचं होतं की हा अर्ज भरायला वेळ किती लागतो.

“पाच तास लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

दिएगो हसता हसता खोकला. “पाच तास तर मला तो वंशसंहाराचा प्रश्न समजवायलाच लागले असते. ही जेवायला उठली म्हणून सुटलो.”

“यावर कुणीही लिहू शकतं,” बाई म्हणाल्या. “मी मुद्देसूद लिहिणार आहे. सहीला किती, भाषांतराला किती, फेऱ्यांना किती. माझा आकडा एकसष्ट तासांवर जातो.”

“मी लिहू शकते?” पास्कुआलानं विचारलं.

“जनता म्हणजे तूच.”

ती हात पुसून बसली. ती सांगत गेली, दिएगो सांगत गेला, बाई टंकत गेल्या. ते असं :

“साहेब, तुम्ही किती वेळ लागतो म्हणून विचारलंत. मी अर्ज दिला तेव्हा माझी मुलगी दहा वर्षांची होती. आता तिला मागणी आली आहे. दोनदा आम्ही पाव परत केला. तिसऱ्यांदा ते मका निघाल्यावर येतील. तेव्हा तिला काय सांगू, ते त्याआधी कळवा.”

बाईंचे हात थांबले. “पोरी, हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही गं. त्यांना फक्त भरायला लागणारा वेळ हवाय. एकेकट्याच्या प्रकरणावर ते बोलणार नाहीत, तसं खाली छापलंय.”

“त्यांनी वेळ विचारला,” पास्कुआला म्हणाली. “मी वेळच सांगितला.”

बाईंनी एक अक्षर न बदलता ते पाठवलं. लगेच उत्तर आलं. पास्कुआला खुर्चीतून अर्धी उठली.

“काय म्हणतात?”

दिएगोनं वाचलं. “मिळालं म्हणतात. आभारी आहेत.”

“आणि?”

“आणि एक क्रमांक दिलाय.”

तो क्रमांक तिला लगेच पाठ झाला. उपयोग मात्र कुणालाच सांगता येईना.

साठ दिवस संपले. गावी मका निघाला. तिसऱ्या खेपेच्या सकाळी पास्कुआलानं मला सोडलं, पान बारा काढलं आणि फोन लावला. माणसं यायला अजून तासभर होता.

“आई, काही कळलं का?”

“नाही कळलं.”

“मग मी थांबते. पाव परत करते. आजी पण आजोबांसाठी थांबलीच की.”

पास्कुआलाचं बोट ओळीवर फिरत फिरत त्या चौकटीपाशी आलं. जी तिला एकदा रिकामी ठेवायची होती, त्याच चौकटीपाशी.

“आजी काय करतेय?” तिनं विचारलं.

“दारात बसलीय. रस्त्याकडे बघत. आणखी काय करते ती?”

“मालीन, ऐक. तू नको बसूस तिथे.” पास्कुआलाचा आवाज कारखान्यात ओरडायची सवय असलेल्या बाईचा आहे, पण हे ती अगदी हळू म्हणाली. “पाव ठेवून घे.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“आणि आई, तू?”

“मला त्यातला एक तुकडा ठेव.”

फोन ठेवल्यावर तिनं मला गुंडाळलं नाही. तशीच बसून राहिली. खिडकीतलं ऊन सरकून माझ्यावर आलं, पान सातावर तेलाचा डाग चमकला, तरी ती बसलेलीच. संध्याकाळी दिएगो आला. लग्न लागलं की कचेरीला दुरुस्तीचं पत्र द्यावं लागेल, मालीनचं नाव गाळावं लागेल, असं व्हर्लीनबाईंनी कळवल्याचं त्यानं सांगितलं. “लागल्यावर देऊ,” पास्कुआला म्हणाली. मग मला फडक्यात घेतलं. चारही टोकं नीट दुमडली, खाली भाकऱ्या असल्यासारखी.

वाचकहो, मी कागद आहे. मला कुणाला थांबवायचं नव्हतं. मला फक्त भरायचं होतं. माझ्यासारखा एखादा कधी तुमच्या टेबलावर आला, तर त्याच्या रिकाम्या चौकटीवर लाल रेघ मारण्याआधी ती कुणी रिकामी ठेवली आणि का, एवढं विचारा. त्याला पाच तास लागणार नाहीत.

आजच्या तारखेची स्थिती सादर करतो. अभिप्राय : प्राप्त. लग्न : मक्याच्या पुढच्या पेरणीआधी. पान बारा : मालीन, वय दहा, अविवाहित. अर्ज : विचाराधीन.